विनाथांबा उड्डाण आणि प्रवासाचा रस

प्रवासाची आवड निराळी आणि पोंचण्याची घाई निराळी. या दोहोंची गल्लत आपल्या प्रवासविषयक लेखनांत इतकी सर्रास होते कीं, पहिलीची स्तुति करावयास निघालेला लेखक दुसरीच्या स्तुतीवर केव्हां घसरतो हें त्याचें त्यालाहि कळत नाहीं. ही गल्लत तपासून पाहण्यास आजच्या काळानें एक उत्तम साधन पुरविलें आहे. तें म्हणजे सोळा, सतरा, एकोणीस तास कोठेंहि न टेकतां पृथ्वीच्या एका कुशीवरून दुसरीवर जाणारें विमान. अशा विमानानें जाणाऱ्यांत कामापुरते जाणारेच पुष्कळ. पण या प्रवासाची खास गोडी लागलेले, आणि दुसरा सोयीचा मार्ग असतांहि मुद्दाम हाच पत्करणारे हौशी लोकहि जगांत थोडे नाहींत. एका खुर्चींत एकोणीस तास बसण्यांत या मंडळींस कोणता रस सांपडतो? आणि तो रस खरा असेल, तर आपल्या वाङ्मयांत तो अद्याप कां उतरला नाहीं? या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सर्वांच्या ओठांवर असलेलें उत्तर असें कीं, यांत वेळ वांचतो. तें खोटें नाहीं. पण किती तोकडें आहे हें आंकड्यांवरून दिसतें. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विनाथांबा विमानास सुमारें १५,३०० किलोमीटर अंतर कापावयाचें असतें आणि त्यास पावणेएकोणीस तासांच्या आसपास लागतात. सिडनीहून लंडनला एका दमांत जाण्याची योजना ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीनें आंखिली आणि तिच्यासाठीं २०२२ सालीं एअरबसकडे १२ विमानांची मागणी नोंदविली. या योजनेंत वांचणारा वेळ खुद्द कंपनीच्या सांगण्याप्रमाणें फार तर चार तासांचा. एवढे तास वांचले तरी प्रवाशाचा सबंध दिवस जावयाचा तो जातोच, आणि पुढचे दोन-तीन दिवस त्याच्या शरीरांतलें घड्याळ नव्या गांवाशीं भांडावयाचें तें भांडतेंच.

काटकसर म्हणावी, तर तीहि येथें नाहीं. लांबच्या उड्डाणाचा एक हट्टी नियम आहे: शेवटच्या तासास लागणारें इंधन पहिल्या तासापासून वाहून न्यावें लागतें, आणि तें वाहण्यासाठीं आणखी इंधन जाळावें लागतें. दुष्काळी मुलुखांतून निघालेल्या गाडीवर बैलांचाच कडबा इतका लादावा कीं, मालाला जागा उरूं नये, तसला हा प्रकार. सिंगापूर-न्यूयॉर्क मार्गासाठीं बनविलेल्या ए-३५० विमानांत १,६५,००० लिटर इंधनाची सोय केलेली आहे, आणि पुढच्या बाजूची मालाची कोठी बंद ठेविलेली आहे. आंत माणसें बसतात १६१. याच जातीच्या नेहमींच्या विमानांत तीच कंपनी अडीचशेंच्या वर माणसें बसविते. सिंगापूरच्या या कंपनीनें २००४ सालीं चार इंजिनांच्या ए-३४० विमानानें न्यूयॉर्कशेजारच्या नेवार्कपर्यंत हें उड्डाण प्रथम सुरू केलें. २००८ सालीं त्यांत बिझनेस क्लासच्या शंभरच खुर्च्या ठेवून पाहिल्या. आणि तरीहि इंधनाचा खर्च पेलेना, म्हणून २०१३ च्या नोव्हेंबरांत तें बंद केलें. दोन इंजिनांचें नवें विमान हातीं आल्यावर २०१८ च्या ऑक्टोबरांत तें पुन्हां सुरू झालें. व्यवहाराच्या हिशेबांत इतकी अडखळणारी गोष्ट माणसें मोडून पुन्हां उभी करितात, तेव्हां तिच्या मुळाशीं हिशेबापलीकडची कांहीं ओढ असली पाहिजे.

या ओढीचा इतिहास पाहूं गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळते. क्वांटासच्या अतिदीर्घ उड्डाणांचा आरंभ हौसेनें झालेला नाहीं, नाइलाजानें झालेला आहे. १९४२ च्या फेब्रुवारींत सिंगापूर पडलें आणि ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला जाणारा हवाई मार्ग तुटला. तेव्हां १९४३ पासून १९४५ पर्यंत क्वांटासचीं कॅटेलिना जातीचीं समुद्री विमानें पश्चिम ऑस्ट्रेलियांतील पर्थहून सिंहलद्वीपांतील कोग्गल सरोवरापर्यंत हिंदी महासागर एका दमांत ओलांडूं लागलीं. अंतर साडेपांच हजार किलोमीटरांहून अधिक. वेळ सत्तावीसपासून बत्तीस तासांपर्यंत. इंधनाच्या भारामुळें उतारू तीनच घेतां येत. शत्रूला सुगावा लागूं नये म्हणून बिनतारी यंत्र मुकें ठेवीत आणि ताऱ्यांवरून वाट काढीत. एका उड्डाणांत सूर्य दोनदां उगवलेला दिसे. म्हणून प्रत्येक उतारूस 'दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा'चें सभासदत्व दिल्याचें प्रमाणपत्र मिळे. अशा २७१ खेपा झाल्या. क्वांटासच्या आजच्या योजनेस 'सूर्योदय' हें जें नांव दिलेलें आहे, तें या खेपांची आठवण म्हणूनच.

परंतु युद्ध संपल्यावर त्याच कंपनीनें काय केलें? १९४७ च्या १ डिसेंबरला सिडनीहून लंडनला निघालेलें तिचें कॉन्स्टेलेशन विमान डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो आणि ट्रिपोली असे थांबे घेत चार दिवसांच्या प्रवासानें पोंचलें. उतारू २९, नोकरवर्ग ११. सिंगापूर व कैरो येथें रात्रीचा मुक्काम. म्हणजे सक्ती सरतांच थांबे परत आले, आणि त्यांचें कोणास वाईट वाटलें नाहीं. थांबा हें यंत्राचें दौर्बल्य होतें, यांत शंका नाहीं. पण त्या दौर्बल्यामुळें सिडनीच्या माणसास लंडनला पोंचेपर्यंत चार-पांच देशांचा वारा लागलेला असे, आणि मध्यें एवढें जग आहे ही गोष्ट त्यास न शिकवितां समजे. पुढें यंत्र बलवान् होत गेलें तसतसे हे थांबे एकेक करून गळाले. २०१८ च्या २४ मार्चला पर्थहूनच निघालेलें विमान १४,५०० किलोमीटर अंतर सतरा तासांत कापून थेट लंडनला उतरूं लागलें. कॅटेलिनास सिंहलद्वीपापर्यंत जितका वेळ लागे, त्याच्या दोनतृतीयांशाहून कमी वेळांत आतां पर्थचा माणूस लंडनला पोंचतो. कलकत्ता, कराची, कैरो हीं नांवें आतां त्याला पुढच्या पाठीवरील पडद्याच्या नकाशांत दिसतील तेवढींच.

आतां या प्रवासाच्या गोडीकडे वळूं. आमच्या मतें या गोडीचे तीन निरनिराळे पदर आहेत, आणि त्यांची किंमत सारखी नाहीं.

पहिला पदर विक्रमाचा. सर्वांत लांब उड्डाण आपण केलें, अमुक इतके मैल आपल्या नांवावर जमा झाले, ही ती हौस. तिकिटें जपणें, विमानांच्या जाती पाठ असणें, कोणती खुर्ची किती इंच मागें झुकते याची चर्चा करणें, हीं तिचीं लक्षणें. वॉल्टर कर्न या अमेरिकन कादंबरीकाराच्या २००१ सालच्या 'अप इन द एअर' या कादंबरींत कंपनीच्या वहींत दहा लक्ष मैल जमा करणें हेंच आयुष्याचें ध्येय मानणारा नायक रंगविलेला आहे. या हौसेची थट्टा करणें सोपें आहे. पण पोस्टाचीं तिकिटें किंवा किल्ल्यांच्या चढायांचे आंकडे जमविणाऱ्यांची आपण थट्टा करीत नाहीं, तर हिचीहि करण्याचें कारण नाहीं. फक्त हा रस प्रवासाचा नव्हे, संग्रहाचा आहे, एवढें ध्यानांत ठेवावें.

दुसरा पदर रिकामपणाचा. हा अधिक खोल आहे. ज्यांचा दिवस घंटांनीं, निरोपांनीं आणि दुसऱ्यांच्या गरजांनीं चिरफाळलेला असतो, त्यांना सतरा तास कोणी हांक मारूं शकत नाहीं हेंच सुख वाटतें. घर सुटलेलें, दुसरें घर आलेलें नाहीं. मधल्या वेळांत आपण कोणाचेच बाप नाहीं, कोणाचेच नोकर नाहीं. त्रिशंकूला अधांतरी लोंबकळत ठेवणें ही आपल्या पुराणांनीं विटंबना मानिली. आजचा थकलेला गृहस्थ पैसे मोजून ती स्थिति विकत घेतो! यांत आजच्या जीवनाचें मोठेंच रहस्य उघड होतें. ज्या समाजांत माणसाला एकांत मिळविण्यासाठीं अकरा हजार मीटर वर जावें लागतें, त्या समाजानें खालीं एकांताची काय वाट लाविली असेल! आणि हेंहि सुख आतां टिकेल असें दिसत नाहीं. कारण विमानांतहि बिनतारी जाळें येऊन पोंचलें आहे, आणि कचेरीचीं पत्रें महासागराच्या मध्यावर येऊन उतारूस गांठूं लागलीं आहेत.

तिसरा पदर अखंडतेचा, आणि आमच्या मतें खरा प्रवासरस यांतच आहे. तुकड्यांनीं केलेल्या प्रवासांत पृथ्वीहि तुकड्यांनींच समजते. मध्यें उतरून बाजारी झगमगाटांत दोन तास घालविले कीं, मागचा सूत्रधागा तुटतो. पण एकाच आसनावर बसून रात्र येतांना पाहावी, ती लांबत जातांना पाहावी, पूर्वेकडे तोंड असेल तर सूर्य घाईघाईनें आणि पश्चिमेकडे असेल तर नाखुषीनें वर येतांना पाहावा, आणि तरीहि खालचा समुद्र संपूं नये, तेव्हां पृथ्वी किती मोठी आहे याचें ज्ञान डोक्याला नव्हे, तर पाठीच्या कण्याला होतें. गंमत अशी कीं, जगाला लहान करण्यासाठीं निघालेलें हें यंत्र जगाच्या मोठेपणाची जाणीव जितकी करून देतें, तितकी दुसरें कोणतेंहि विमान देत नाहीं. हौशी प्रवाशाला नेमकें शब्दांत सांगतां येत नाहीं, पण तो परत परत जातो तो या जाणिवेसाठीं, असें आम्हांस वाटतें.

हा रस वाङ्मयांत कसा उतरावा, याचा धडा शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. आकाशमार्गाचे तीन प्रवास कालिदासानें लिहून ठेविले आहेत, आणि ते तीन जातींचे आहेत. 'मेघदूता'चा प्रवास हा थांब्यांचा प्रवास. यक्षाचा निरोप तांतडीचा आहे. त्याची पत्नी उंबऱ्यावर फुलें मांडून दिवस मोजते आहे. असें असतांहि तो मेघाला सांगतो काय? दमशील तेथें डोंगरांवर पाय टेक, नद्यांचें पाणी पी, आणि वाट वांकडी झाली तरी उज्जयिनी पाहिल्याशिवाय जाऊं नको. पारवे झोंपले असतील अशा एखाद्या गच्चीवर तेथें रात्र काढ. विरहानें व्याकुळ झालेला माणूस आपल्या दूताला आडवाटेनें जावयास सांगतो, याचें नवल पुष्कळ टीकाकारांस वाटलें आहे. आम्हांस त्यांत काव्याचें मर्मच दिसतें. वाटेवरच्या भूमीचें सुखदुःख ज्याच्या अंगाला लागलें नाहीं, तो अलकेला पोंचून प्रेमाचा निरोप काय सांगणार?

'रघुवंशा'च्या तेराव्या सर्गांतील पुष्पकाचा प्रवास मात्र विनाथांबा आहे. वाल्मीकीनें भरद्वाजाच्या आश्रमीं मुक्काम घातला. कालिदासानें तो गाळला आणि लंकेहून अयोध्येपर्यंत विमान एका दमांत नेलें. आतां पाहा, या अखंड उड्डाणांत रस कोठून येतो? वेगांतून नव्हे. राम सीतेला खालचा सेतु दाखवितो, जनस्थान दाखवितो, माल्यवान् पर्वत, पंपा, गोदावरी, पंचवटी, चित्रकूट, गंगायमुनांचा संगम दाखवितो. तुला शोधीत असतांना जमिनीवर पडलेलें तुझें एक नूपुर मला येथें सांपडलें, तुझ्या पायाच्या वियोगदुःखानेंच जणूं तें मुकें झालें होतें, असें सांगतो. चौदा वर्षें पायांनीं तुडविलेली, रडून आणि लढून ओळखीची झालेली भूमि त्या विमानाखालून कांहीं वेळांत सरकते. जी वाट चालून झाली, तिच्याच वरून उडण्यांत हा आनंद आहे. आणि सीता खिडकींतून हात बाहेर काढते, तेव्हां मेघ तिच्या मनगटांत विजेचें कंकण घालतो! विमान कधीं देवांच्या, कधीं ढगांच्या, कधीं पांखरांच्या वाटेनें जातें तें रामाच्या मनाला येईल तसें.

तिसरा प्रवास 'शाकुंतला'च्या सातव्या अंकाच्या आरंभींचा. दुष्यंत मातलीच्या रथांतून खालीं येत आहे. डोंगरांच्या शिखरांवरून भूमि जणूं खालीं ओघळते, पानांच्या गर्दींतून झाडांचीं खोडें वर निघतात, नाहींशा झालेल्या नद्या पुन्हां रेषेसारख्या उमटतात. कोणी पृथ्वी वर फेंकून आपल्याकडे आणीत आहे असा भास होतो. ज्यानें उतरत्या विमानाच्या खिडकीशीं बसून हा देखावा पाहिला आहे, त्याला या वर्णनाचा अचूकपणा थक्क केल्याशिवाय राहत नाहीं. ज्यानें खिडकीचा पडदा लावून घेतला, त्याला तो कळण्याचा संभव नाहीं.

आणि आजच्या अतिदीर्घ उड्डाणांत पडदे बहुधा लावलेलेच असतात. येथेंच आमच्या टीकेस आरंभ होतो. २०१९ च्या ऑक्टोबरांत क्वांटासनें न्यूयॉर्कहून सिडनीपर्यंत प्रयोगादाखल एक उड्डाण केलें: माणसें ४९, वेळ १९ तास १६ मिनिटें. पोंचावयाच्या गांवीं रात्र होईपर्यंत उतारूंना झोंप येऊं नये म्हणून दिवे प्रखर ठेविले, मसालेदार जेवण वाढलें. मग ठरल्या वेळीं अंधार केला. शास्त्राच्या दृष्टीनें हा प्रयोग चांगलाच आहे. थकलेल्या वैमानिकांचें आणि उतारूंचें त्यानें हितच होईल. पण पुष्पक रामाच्या मनाप्रमाणें चालत होतें, आणि येथें उतारूचें मनच विमानाच्या वेळापत्रकाप्रमाणें चालवावयाचें आहे, हा फरक रसिकांच्या नजरेंतून सुटूं नये. सूर्य दोनदां उगवो कीं तीनदां, तो केव्हां उगवला हें दिव्यांच्या बटनावरून ठरणार असेल, तर अखंडतेचा जो एकच खरा रस आम्हीं वर सांगितला, तोच काढून घेतल्यासारखें होईल.

पाश्चात्य लेखकांनीं या रसाची उपेक्षा केली नाहीं. चार्ल्स लिंडबर्ग १९२७ च्या मे महिन्यांत एकट्यानें न्यूयॉर्कहून पॅरिसला साडेतेहतीस तासांत गेला, आणि सव्वीस वर्षांनीं, १९५३ सालीं, त्यानें त्या उड्डाणाचा ग्रंथ लिहिला. खालीं पाहावयास समुद्राशिवाय कांहीं नाहीं, डोळ्यांवर झोंप, अशा स्थितींत त्याला लहानपणचें शेत, टपाल वाहून नेण्याचे दिवस आठवूं लागतात, आणि पुढें पुढें तर विमानांत छायामूर्ति वावरतांना दिसतात. रामाला ज्या आठवणी जमिनीनें दिल्या, त्या लिंडबर्गला रिकाम्या समुद्रानें दिल्या. लांब उड्डाण हें स्मृतीचें क्षेत्र आहे, हा सिद्धांत दोघांच्याहि लेखनांतून सारखाच निघतो.

फ्रेंच वैमानिक सँत-एक्झ्युपेरी याचें म्हणणें आमच्या थांब्यांच्या पक्षपाताला थेट विरोध करणारें आहे, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. १९३९ च्या आपल्या 'तेर दे झोम' या ग्रंथांत तो म्हणतो कीं, रस्त्यांनीं माणसाला शतकानुशतकें फसविलें. ते विहिरींपासून विहिरींपर्यंत वळत जातात, आणि म्हणून पृथ्वी सारी सुपीक आणि दयाळू आहे असा आपला समज होतो. सरळ रेषेंत जाणाऱ्या विमानानें तिचा खरा, खडकाळ आणि निर्जन चेहरा दाखविला. विचार मोठा भेदक आहे. मुक्कामांचा गौरव करणारांनीं हें विसरूं नये कीं, मुक्काम नेहमीं पाण्याजवळ असतो, आणि पाण्याजवळचें जग म्हणजे सबंध जग नव्हे. परंतु हा सिद्धांत मांडणारा लेखक १९३५ च्या अखेरीस लिबियाच्या वाळवंटांत विमानासह कोसळला होता आणि तहानेनें मरतां मरतां वांचला होता. सरळ रेषेचें सत्य त्यानें जमिनीवर पडून मिळविलें होतें. आजचा उतारू त्याच वाळवंटावरून चादर ओढून झोंपेंत जातो. त्याला तें सत्य फुकट कसें मिळेल?

मार्क व्हॅनहोनेकर या वैमानिकानें २०१५ सालच्या 'स्कायफेअरिंग' या पुस्तकांत आणखी एक बारीक निरीक्षण नोंदविलें आहे. शरीराचें घड्याळ जसें मागें राहतें, तसें मनांतलें स्थळहि मागें राहतें. आपण एका गांवीं उतरलेले असतों, पण आपली 'जागेची' जाणीव अद्याप वाटेंतच असते. या पुस्तकांत विमानप्रवासाविषयीं खरें प्रेम आहे, आणि प्रेमाबरोबर नेमकें पाहण्याची शिस्तहि आहे. असें पुस्तक एका धंदेवाईक वैमानिकास सुचावें आणि व्यवसायानें लेखक असणाऱ्या आपल्या प्रवासवर्णनकारांस सुचूं नये, याचा विषाद वाटतो.

कारण मराठी प्रवासवर्णनांत मधली वाट पूर्वीं भरपूर होती. वरसईच्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' हा १९०७ सालीं छापला गेलेला ग्रंथ घ्या. त्यांत वाट हीच नायिका आहे. सत्तावनच्या धामधुमींत ज्या गांवीं पाय थांबले, त्या गांवाची भीति, अन्न आणि माणसें त्यांत उतरलीं आहेत. पुढें आगबोटीच्या काळांत एडन, सुवेझ, मार्सेल्स यांचीं वर्णनें येत. तीं कंटाळवाणीं झालीं तरी येत. आजच्या पुष्कळशा प्रवासवर्णनांत मात्र पहिल्या परिच्छेदांत मुंबईचा विमानतळ आणि दुसऱ्यांत परक्या शहराचा विमानतळ असतो, आणि मधले पंधरा-सोळा तास एका स्वल्पविरामांत मावतात! ज्या अर्थीं तेथें कांहीं घडलें नाहीं, त्या अर्थीं लिहावयाचें काय, असें लेखकांना वाटतें. लिंडबर्गच्या विमानांतहि बाहेरून पाहणाराला कांहीं घडत नव्हतें.

येथपर्यंतचें विवेचन वाचून कोणी म्हणेल कीं, हा सारा खिडकीशीं बसणाऱ्या, पुस्तकें वाचणाऱ्या माणसाचा विलास झाला. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि आमच्या मतें प्रश्नाचा गाभा त्याच्या पोटांतच आहे. मुंबईच्या विमानतळावर मध्यरात्रीच्या सुमारास जाऊन पाहावें. मुलाकडे किंवा मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेस निघालेलीं म्हातारीं माणसें रांगेंत उभीं असतात. सामानांत मेतकूट, लोणचें, बाळंतिणीचे लाडू. हातांत कागदांची पिशवी. आणि कागदावर मुलानें मराठींत लिहून दिलेल्या सूचना. चालतां येत असूनहि कित्येकांनीं चाकांची खुर्ची मागितलेली असते. कारण खुर्ची ढकलणारा माणूस वाट चुकूं देत नाहीं. या माणसांना 'थांबा' या शब्दांत उज्जयिनीची गच्ची दिसत नाहीं. त्यांना दिसतें तें परक्या भाषेचें, परक्या फलकांचें, दुसरें विमान चुकण्याचें भय. एअर इंडियाचें पहिलें विमान १९६० च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कला गेलें तें लंडनवरून. २००७ च्या ऑगस्टांत मुंबईहून थेट न्यूयॉर्कला जाण्याची सोय झाली. एका दारानें आंत जावें आणि दुसऱ्या दारानें बाहेर पडतांच नातवंड दिसावें, ही त्या सोयीची कमाई होय. विनाथांबा उड्डाणाचा सर्वांत निर्मळ आनंद कोणाचा असेल, तर तो या माणसांचा आहे, आणि त्याच्यापुढें आमची सारी रसचर्चा फिकी आहे.

परंतु त्याच उड्डाणानें या घरांना एक गोष्ट न सांगतां शिकविली आहे, आणि तिचा विचार आपण पुरेसा केलेला नाहीं. मुलगा बोटीनें विलायतेस निघे त्या काळीं बॅलर्ड पिअरवर घरचीं माणसें रडत, कारण अंतर किती आहे हें त्यांना कळत असे. तें आठवड्यांनीं मोजलेलें होतें. आज निरोप देतांना कोणी रडूं लागलें तर दुसरा समजावितो, कीं त्यांत काय, एका झोंपेचें तर अंतर! या एका वाक्याच्या भरंवशावर आपल्या पिढीनें किती वियोग मान्य केले! अंतर खरोखर कमी झालें असतें तर प्रश्न नव्हता. तें कमी झालें नाहीं, दिसेनासें झालें. एखाद्या रात्रीं दूरध्वनि वाजतो, आणि दुसऱ्या दिवशीं रात्रीं निघणारें विमानहि उशिराचें ठरतें, तेव्हां तें साडेबारा हजार किलोमीटर लांबीसकट पुन्हां दिसूं लागतें. सोळा तास विमानांत बसलेल्या त्या मुलाला तेव्हां जें कांहीं आठवतें, तें लिंडबर्गच्या आठवणींहून आणि रामाच्या आठवणींहून जातीनें निराळें नसावें. पण तें मराठींत लिहिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

म्हणून या प्रवासाविषयीं आमचा निर्णय दुहेरी आहे. यंत्र म्हणून, सोय म्हणून, विनाथांबा उड्डाणाविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. इंधनाची उधळपट्टी आणि श्रीमंती खुर्च्यांचा डामडौल हे दोष सोडले, तर तें माणसांस भेटविणारें यंत्र आहे. आमची तक्रार आहे ती त्यांत बसणाऱ्या मनाविषयीं, जें मधलें अंतर नाहीसें झालें असें मानून मोकळें होतें. अंतर मोजण्याचें काम पूर्वीं पाय करीत, मग मुक्काम करूं लागले; आतां पाय हालत नाहींत आणि मुक्काम उरलेले नाहींत, तेव्हां तें काम लेखणीनें केलें पाहिजे. पुष्पकांतून जातांना रामानें सीतेला सबंध वाट बोलून दाखविली म्हणून ती वाट हरवली नाहीं. आपले लेखक वर्षाकांठीं या सोळा तासांतून पुष्कळदां जातात. त्यांपैकीं कोणी तरी खिडकीचा पडदा वर करून, त्या सोळा तासांत खालीं काय होतें आणि मनांत काय होतें, हें नेमकेपणानें लिहावें. मराठी प्रवासवर्णनाच्या पुढच्या वाटचालीकडून आमची तूर्त एवढीच अपेक्षा आहे.